तरवडाची साल आणि ज्ञानाची मालकी

दख्खनच्या कोरड्या माळरानावर तरवड बारमाही हिरवा असतो. १७५३ साली लिनियसने या झुडपाची शास्त्रीय नोंद केली. इंग्रजीत त्याला ‘टॅनर्स कॅसिया’, म्हणजे कातडी कमावणाऱ्याचे झाड, म्हणतात. संस्कृत निघंटूतील ‘आवर्तकी’ म्हणजे हाच तरवड, असे मानतात. तिचे एक नाव ‘चर्मरंगा’ आहे. या झाडाने कातडे रंगते, हे ग्रंथकाराला कोणी सांगितले? कोणीतरी साल कुटून, भिजवून, तीत कातडे बुडवून पाहिल्याशिवाय हे नाव जन्मालाच येत नाही. ज्याच्या हातांनी हे पाहिले त्याला तो ग्रंथ वाचण्याचा अधिकार नव्हता. नाव ग्रंथात गेले आणि माणूस गावकुसाबाहेर राहिला.

महाराष्ट्रात हे काम मुख्यतः ढोर समाजाच्या वाट्याला आले. कातडे चुन्याच्या हौदात भिजवायचे, केस काढायचे, मांस खरवडायचे. मग कातड्याचीच पिशवी शिवून तीत कुटलेली साल व पाणी भरून टांगायची. झिरपलेले पाणी पुन्हा आत ओतायचे. तरवडाबरोबर बाभळीची साल आणि हिरडाही वापरीत. सालीतील टॅनिन कातड्यातील प्रथिनाशी बांधले जाते, म्हणून कातडे कुजत नाही. साल किती, दिवस किती, पाणी केव्हा बदलायचे, हे सारे अनुभवाने ठरत असे. हे रसायनशास्त्र नव्हे तर काय?

अशा कमावलेल्या कातड्याची मोट विहिरीत उतरे. तिच्या पाण्यावर पिकलेले धान्य कोणालाच विटाळत नसे. विहीर विटाळे ती कातडे कमावणाऱ्याच्या स्पर्शाने! तेलंगणात बतुकम्मा सणाला याच झुडपाची पिवळी फुले मानाने रचतात. झाड एकच, पण फुलाला मान आणि सालीच्या कामाला विटाळ.

एकोणिसाव्या शतकात मद्रासकडून याच सालीने (तमिळमध्ये ‘आवारम’) कमावलेली कातडी मोठ्या प्रमाणावर ब्रिटनला जात. १९०३ साली आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासला क्रोमचे प्रयोग सुरू केले. पुढे दक्षिण आफ्रिकेची वॅटल साल आली आणि तरवड मागे पडला. व्यापाराच्या इतिहासात चॅटर्टन यांचे नाव राहिले. साल कुटणाऱ्यांपैकी एकाचेही नाही.

येथे गैरसमज नको. हा जातीने लादलेल्या धंद्याचा गौरव नाही. १९२७ साली महाड येथे बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले. पुढे मेलेली गुरे ओढण्याचे कामही आपल्या लोकांनी नाकारले. ते नाकारणे योग्यच होते. परंतु काम सोडणे आणि त्या कामातील ज्ञानावरचा हक्क सोडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मुक्ती आहे. दुसरी पुन्हा एक लूट आहे.

माझ्या आज्याच्या नखांतला सालीचा डाग मरेपर्यंत गेला नाही. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या तासाला वाळवलेला तरवड हाती आला, तेव्हा ‘हे झाड आमच्या घरचे आहे’ असे सांगायला माझी जीभ रेटली नाही. ती लाज माझी नव्हती, हे कळायला मला पदवीनंतरही बरीच वर्षे लागली. आज मी वर्गात ते सांगतो. ज्यांनी ही साल कुटली असे काही वृद्ध अजून आपल्या वस्त्यांत आहेत. विद्यार्थ्यांनी वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे. साल, चुना, पाणी, दिवस, सारे विचारावे. आणि सांगणाऱ्याचे नाव आधी लिहावे.