बंब : शब्द, यंत्र आणि सरपण

भौतिक संस्कृतीचा इतिहास लिहिताना भाषेने जपलेला पुरावा अनेकदा दुर्लक्षित राहतो. लाकडावर पाणी तापविण्याचे घरगुती साधन जो ‘बंब’, त्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. त्याला तीन अंगे आहेत : शब्दाचे, यंत्राचे आणि जळणाचे. पहिली दोन न्हाणीघरात सापडतात. तिसरे मात्र डहाणू तालुक्यातील कैनाडसारख्या वारली गावांच्या भूभागाकडे घेऊन जाते.

‘बंब’ हा शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’ या शब्दापासून आला, असे सामान्यतः मानले जाते. मूळ अर्थ पाणी उपसण्याचा वा फेकण्याचा पंप. 1534 च्या तहाने वसईचा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला आणि 1739 मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली. डहाणूचा किनाराही मधल्या काळात पोर्तुगीज अमलाखाली होता. तथापि शब्द याच किनाऱ्यावर मराठीत शिरला, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही; गोवा आणि चौल येथेही तसाच संपर्क होता. ‘आगीचा बंब’ या प्रयोगात मूळ अर्थ स्पष्ट दिसतो. गुजराती ‘बंबो’ हाही दोन्ही अर्थांनी चालतो. मग पंपाचे नाव पाणी तापविणाऱ्या भांड्यास का मिळाले?

आकारसादृश्य हे एक उत्तर होय. परंतु यंत्राची रचना पाहता दुसरेही संभवते. बंबाच्या मधोमध उभी नळी असते. तिच्या तळाशी जाळी व जाळीखाली राखेची जागा. नळीत जळण पेटते आणि सभोवतीचे पाणी तापते. काही बंबांत वरच्या नरसाळ्यातून ओतलेले थंड पाणी आतील बारीक नळीने थेट तळाशी जाते आणि तेवढेच कढत पाणी वरच्या तोटीतून घंगाळात पडते. म्हणजे थंड पाणी गरम पाण्यास बाहेर ढकलते. हे कार्य पंपाचेच आहे. शब्दाचा अर्थ पालटला, पण मूळ क्रिया सर्वस्वी लोपली नाही, असे अनुमान करता येते.

या रचनेमागील तत्त्व साधे आहे. 80 अंश सेल्सिअसचे एक लिटर पाणी सुमारे 972 ग्रॅम भरते. थंड पाणी त्याहून जड, म्हणून ते तळाशी राहते. युरोपातील थंड देशांत लाकडाच्या घरगुती बॉयलरला जोडलेल्या उष्णतासाठ्याच्या टाकीतही कढत पाणी वरून घेतात आणि निवलेले तळाशी परत सोडतात. लाकूड भराभर जळते व उष्णता सावकाश लागते. ही तफावत टाकी भरून काढते. बंबात चूल आणि साठा एकाच भांड्यात असतात. हीच त्याची सोय आणि हीच उणीव. विस्तव विझल्यावर मधली नळी वारा खेचून पाणी निववते. नळीचे तोंड झाकणे म्हणूनच हिताचे. वरची तोटी मात्र उघडीच हवी, नाही तर वाफ कोंडते.

जळणाचा हिशेब केल्यास तिसरे अंग पुढे येते. 40 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर नेण्यास सुमारे 5.9 मेगाज्यूल उष्णता लागते. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत सुमारे 15 मेगाज्यूल असतात. त्यांतील एक तृतीयांश पाण्यात उतरले असे धरल्यास रोज सव्वा किलोच्या आसपास लाकूड हवे. वर्षाकाठी साडेचार क्विंटलांच्या जवळपास. या गरजेने मराठीला ‘बंबफोड’ हा सामासिक शब्द दिला : बंबाच्या नळीत मावेल असे बारीक फोडलेले लाकूड.

‘बंबफोड’ वखारीत विकत मिळे. वखारीमागे जंगल होते. मुंबई–सुरत लोहमार्ग 1864 मध्ये पूर्ण झाल्यावर ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील लाकूड शहराकडे नेणे सुकर झाले. तोडणारे हात बव्हंशी आदिवासींचे होते. 1945 मध्ये गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली डहाणू-तलासरी परिसरातील वारल्यांनी वेठ नाकारली. गवतकापणीच्या मजुरीपाठोपाठ जंगलतोडीच्या मजुरीचा प्रश्नही 1946 मध्ये ऐरणीवर आला. कारवीच्या कुडाच्या वारली घरात पाणी चुलीवरच्या हंड्यात तापे; तांब्याचा बंब हे सुखवस्तू घराचे लक्षण होते.

सारांश, ‘बंब’ या शब्दात समुद्रमार्गे आलेले यंत्र आहे, त्याच्या घडणीत तांबटाचे कौशल्य आहे, आणि ‘बंबफोड’ या शब्दात जंगलातील श्रम आहेत. कोश पहिल्याची व्युत्पत्ती देतो. दुसऱ्या शब्दामागील मजुरीचा इतिहास वस्तूच्या इतिहासातच लिहावा लागेल. त्यावाचून तो अपुरा राहील.