इनामगावची पांढर आणि गावकुसाचा प्रश्न

आपल्याकडील विद्यापीठांतील संशोधनाचा विचार करू लागलो की एक गाव डोळ्यांसमोर उभे राहते. त्या गावात वनस्पतिशास्त्रज्ञाचे घर एका टोकाला, संस्कृत पंडिताचे दुसऱ्या टोकाला आणि पदार्थवैज्ञानिक तिसऱ्याच आळीत. कोणी कोणाच्या घरचे पाणी पीत नाही. दाताचा अभ्यास करणाऱ्याला नदीच्या गाळाशी कर्तव्य नसते आणि गाळ मोजणाऱ्याला शेतमजुराच्या पोटाशी. ज्ञानाच्या क्षेत्रातही आपण गावगाडाच उभा केला आहे. म्हणूनच ही आळीबंदी जेथे मोडली गेली, त्या ठिकाणाकडे आपण लक्ष द्यायला हवे. असे एक ठिकाण पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात आहे. त्याचे नाव इनामगाव.

पुण्याच्या पूर्वेला ८०-९० किलोमीटरवर, घोड नदीच्या उजव्या काठी हे गाव वसले आहे. घोड पुढे भीमेला मिळते आणि भीमेच्या पलीकडे दौंड तालुका सुरू होतो. हा सारा मुलूख अवर्षणाचा. गावाजवळच्या जुन्या वस्तीच्या टेकाडांवर डेक्कन कॉलेजने १९६८ साली उत्खनन सुरू केले आणि ते १९८३ पर्यंत, मधूनमधून खंड पडून, बारा हंगाम चालले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यामागची प्रमुख नावे. वस्तीचा काळ साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० असा ठरला : प्रथम माळवा संस्कृतीचे लोक, नंतर पूर्व-जोर्वे आणि शेवटी उत्तर-जोर्वे. शंभराहून अधिक घरे उघडी झाली, दोनशेहून अधिक दफने सापडली. एकाच जुन्या खेड्याचा एवढा मोठा भाग त्यापूर्वी महाराष्ट्रात कोणी उकरला नव्हता.

या कामाला कोण कोण लागले ते पाहा. काळ ठरविण्यासाठी पदार्थविज्ञान आले. जिवंत झाडात किरणोत्सर्गी कार्बन असतो. झाड मेले की तो ठरलेल्या गतीने घटू लागतो आणि सुमारे ५,७३० वर्षांनी निम्मा उरतो. चुलीतल्या कोळशात तो किती उरला हे प्रयोगशाळेत मोजले की चूल केव्हा पेटली होती ते कळते. जळालेल्या दाण्यांसाठी वनस्पतिशास्त्र आले. मु. द. काजळे यांनी माती धुऊन, दाणे निवडून दाखवून दिले की या लोकांचे मुख्य धान्य बार्ली म्हणजे जव होते. शिवाय गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा. जनावरांच्या हाडांसाठी पी. के. थॉमस, नदीच्या गाळासाठी शरद राजगुरू, माणसांच्या सांगाड्यांसाठी सु. रं. वाळिंबे आणि अमेरिकेतून आलेले जॉन लुकाच. एरवी ही मंडळी एका परिषदेला जाण्याचे कारण नव्हते. पण प्रश्न एकच होता : या टेकाडावर माणसे कशी जगली?

खेड्यातल्या माणसाला हे टेकाड काय आहे ते सांगावे लागत नाही. पिकाची जमीन ती काळी, वस्तीची जमीन ती पांढर. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, कोसळलेल्या भिंती मिसळून माती पांढुरकी होते. पांढरीचा आणि शिवेचा पहिला जाणकार कोण होता? बांधाचा तंटा झाला की महाराची साक्ष काढली जाई, कारण गावाची शीव त्याच्या पायाखालची होती. हे ज्ञान बलुत्यात मोजले गेले, विद्येत कधी मोजले गेले नाही. आणि ज्या डेक्कन कॉलेजने हे टेकाड खणले, त्याचे मूळ १८२१ साली पुण्यात निघालेल्या पाठशाळेत आहे. ती पेशव्यांनी ब्राह्मणांना वाटावयाच्या दक्षिणेच्या निधीतून निघाली होती. त्याच १८२१ साली भीमा कोरेगावच्या लढाईच्या स्तंभाचा पाया घातला गेला. कोरेगाव शिरूर तालुक्यातच येते. एकाच साली, एकाच सत्तेच्या काळात, एकीकडे दक्षिणेच्या पैशातून शास्त्राभ्यास आणि दुसरीकडे दगडावर कोरलेली महार शिपायांची नावे. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले, तोपर्यंत त्या नावांना इतिहासाचे साधन मानण्याची गरज पुण्यातल्या पंडितांना वाटली नव्हती.

आता उत्खननात काय निघाले याकडे वळू. पूर्व-जोर्वे काळात (इ.स.पू. १४०० ते १०००) लोक कुडाच्या चौकोनी घरांत राहत. पाच खोल्यांचे एक मोठे घर सापडले आणि त्याच्या लगत धान्याचे कोठार. नदीचे पुराचे पाणी वळविण्यासाठी दगड-मातीचा सुमारे २४० मीटर लांबीचा बांध घातला होता आणि त्याच्याबरोबर चर खोदला होता. चर सुमारे ४ मीटर रुंद, साडेतीन मीटर खोल. इतके काम एका कुटुंबाच्या हातून होत नाही. कोणीतरी माणसे जमविली, कोणीतरी कोठारातून धान्य दिले. ढवळीकरांनी यावरून असा निष्कर्ष काढला की येथे प्रमुख होता, धान्याच्या रूपाने कर घेतला जात होता आणि समाजात वरचे-खालचे थर होते. त्याला आणखी एक पुरावा जोडला गेला. कुंभाराची भट्टी, सोनाराची मूस, चुना भाजणाऱ्याचा आवा, मणी आणि हस्तिदंत कोरणाऱ्यांची घरे ही वस्तीच्या पश्चिम कडेला होती. सुस्थित शेतकऱ्यांची घरे मध्यभागी.

येथे आपण थांबले पाहिजे. कारागीर कडेला, शेतकरी मध्यभागी, प्रमुखाच्या घरापाशी कोठार. हे चित्र इतके ओळखीचे आहे की वाचणाऱ्याच्या मनात आपोआप बलुतेदारी उभी राहते. तीन हजार वर्षांपूर्वीही असेच होते, मग हे निसर्गतःच असणार, असे म्हणायला वाव मिळतो. पण पुराव्याला त्याच्या ताकदीपेक्षा अधिक ओझे देऊ नये. भट्टीचा धूर आणि आगीची भीती यामुळे भट्टी कडेला गेली असेल. धंदा वेगळा असणे आणि जात वेगळी असणे यांत महदंतर आहे. मूस सापडली म्हणजे धातू वितळविणारा माणूस सापडला. त्याचा मुलगा तेच करण्यास बांधलेला होता की नाही, त्याची मुलगी कोणाला देता येत होती, हे मूस सांगत नाही. विषमता होती हे मान्य करावे लागेल. अस्पृश्यता होती असे म्हणण्यास या पांढरीत आधार नाही.

उलट, हाडे काही वेगळेच बोलतात. या वस्तीत गाईबैलांची हाडे मोठ्या प्रमाणात निघाली आणि त्यांवर कापल्याच्या, फोडल्याच्या, भाजल्याच्या खुणा आहेत. मांस खाण्याच्या या खुणा कोण्या एका कोपऱ्यातील घरांपुरत्या नाहीत. वस्तीत ठिकठिकाणी त्या आढळतात. म्हणजे ज्या अन्नावरून पुढे माणसाला गावाबाहेर काढण्यात आले, ते इनामगावात गावाचे अन्न होते. डॉ. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले की अस्पृश्यता वंशभेदातून निघालेली नाही. पराभूत टोळ्यांतून फुटलेली माणसे वस्तीबाहेर राहून राखणीचे काम करीत होती आणि पुढे इतरांनी गोमांस सोडले तेव्हा त्यांनी ते न सोडल्यामुळे ती अस्पृश्य ठरली. हे सारे इ.स. ४०० च्या सुमारास घडले. लक्षात घ्या, तेव्हा जोर्वे येथेही उत्खनन झाले नव्हते. ते १९५०-५१ मधले. बाबासाहेबांपुढे होती ती स्मृती-पुराणे, बौद्ध साहित्य, चिनी प्रवाशांच्या नोंदी आणि नाकाच्या मोजमापांचे तक्ते. एका कायदेपंडिताने आणि अर्थशास्त्रज्ञाने मानवमितीचे आकडे हाती घेतले आणि ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत हे त्याच आकड्यांनी दाखविले. शास्त्रांच्या आळ्या मोडण्याचे काम त्यांनी एकट्याने केले होते. इनामगाव त्यांचा सिद्धांत सिद्ध करीत नाही. मधे हजारावर वर्षांचे अंतर आहे. पण गोमांसाचा विटाळ अनादी आहे, या म्हणण्याला मात्र ही हाडे जागा ठेवीत नाहीत.

इ.स.पू. १००० च्या सुमारास वस्तीची स्थिती पालटली. चौकोनी घरे गेली, गोल खोपट्या आल्या. शेती आखडली, शेळ्या-मेंढ्या आणि शिकारीवर भार वाढला. ढवळीकरांनी याचे कारण वाढत्या अवर्षणात शोधले. हा विचार मांडला जात असतानाच १९७२ चा दुष्काळ याच तालुक्यांतून गेला, हे विसरून चालणार नाही. खडी फोडणाऱ्यांच्या रांगा रस्त्यावर आणि शेजारच्या टेकाडात तीन हजार वर्षांपूर्वीची उपासमार. दातांच्या वेष्टणावर बालपणीच्या आजाराच्या व अर्धपोटीपणाच्या रेषा कायमच्या राहतात. सांगाडा त्या लपवू शकत नाही. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी लहान मुलांच्या हाडांचा अभ्यास करून २०११ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. उत्तर काळातील मुलांची वाढ खुंटली होती, असे त्यांना आढळले. मात्र केवळ हवामानाकडे बोट दाखविणे त्यांना पुरेसे वाटले नाही. मला हे मतभेदाचे ठिकाण फार मोलाचे वाटते. दुष्काळात कोण मरते हे पाऊस ठरवीत नाही, कोठाराची किल्ली कोणाकडे आहे त्यावर ते ठरते.

ते या टापूत पूर्वीही एका परक्या माणसाने मोजले होते. हॅरल्ड मॅन हा रसायनशास्त्रज्ञ. आसामात चहाच्या मळ्यांसाठी संशोधन करून तो १९०७ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचा प्रमुख झाला. माती तपासता तपासता तो मातीवर राबणाऱ्यांचे जमाखर्च तपासू लागला. १९१७ साली पिंपळे सौदागर आणि १९२१ साली, ना. वि. कानिटकर यांच्यासह, शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक यांचे अभ्यास त्याने प्रसिद्ध केले. दोन्ही गावांत दहापैकी आठांहून अधिक कुटुंबे नुसत्या जमिनीवर तगू शकत नव्हती. याच सुमारास, १९१८ साली, बाबासाहेबांनी लहान शेतांवरील निबंधात म्हटले होते की तुकडा लहान आहे ही अडचण नाही, जमिनीवर बेकार हातांचा भार आहे ही अडचण आहे आणि उपाय उद्योगधंदे हा आहे.

शेवटी पारध्यांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. उत्तर-जोर्वे काळातील गोल खोपट्यांचे जे पुंजके सापडले, त्यांचा अर्थ लागेना. प्रत्येक खोपटी म्हणजे एक कुटुंब की चार-पाच मिळून एक? तेव्हा संशोधकांनी इनामगावाच्या परिसरात राहणाऱ्या फासेपारध्यांच्या गोल झोपड्यांकडे पाहिले आणि एका अंगणाभोवतीच्या अनेक खोपट्या एकाच कुटुंबाच्या असू शकतात, हे त्यांना तेथे उमगले. शास्त्र म्हणून ही तुलना रास्त आहे. पण या जमातीला इंग्रजी सत्तेने १८७१ च्या कायद्याच्या चौकटीत जन्मजात गुन्हेगार ठरविले होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ती यादी रद्द झाली, पोलिसपाटलाच्या वहीतील संशय रद्द झाला नाही. त्यांच्या झोपडीची रुंदी, चुलीची जागा, कुडाची बांधणी मोजून तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला घर मिळाले. मोजली गेलेली झोपडी कोणाच्या जागेत उभी होती, ती किती वेळा उठविली गेली, तीत राहणाऱ्या मुलांच्या दातांवर कोणत्या रेषा आहेत, हे मोजण्यास तेवढीच शास्त्रे, तेवढेच हंगाम आणि तेवढाच पैसा लागेल. वनस्पतिशास्त्रज्ञ आहेत, अस्थितज्ज्ञ आहेत, मॅनच्या पद्धतीचे जमाखर्च मांडणारेही आहेत. घोड आणि भीमेच्या काठची पालेही आहेत, शिरूरकडे आणि दौंडकडेही.