कधी वाजतं?

आजोबा सुतार. बैलगाडीची चाकं करायचे. चाकाभोवतीच्या लोखंडी पट्टीला धाव म्हणतात. ती शेण्यांच्या आरात लाल होईस्तोवर तापवायची, चाकावर चढवायची आणि लगेच पाणी मारायचं. लोखंड आवळतं, सांधे घट्ट बसतात. उन्हाळ्यात लाकूड सुकलं की धाव सैल होऊन गाडी खडखडायची. तक्रार आली की आजोबा आधी विचारत, "कधी वाजतं?" उन्हाळ्यातच वाजत असेल, तर चाक रात्रभर ओढ्यात बुडवून ठेवायला सांगत. लाकूड फुगे, खडखड थांबे. बाराही महिने वाजत असेल, तर चाकाच्या मधला तुंबा तपासत.

डनलॉपने १८८८ साली बेलफास्टमध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. पुढे मोटारी आमच्या गावापर्यंत आल्या आणि वडिलांनी गॅरेज टाकलं. प्रश्न मात्र आजोबांचाच ठेवला. कुर्ल्यात बनलेल्या फियाट तेव्हा नायलॉनच्या टायरवर धावत. रात्रभर उभ्या गाडीचा टायर जमिनीला टेकतो तिथे चपटा होई. सकाळी थोडं अंतर धप-धप, टायर तापला की शांत. या आवाजापायी एकाने दुसरीकडे दोन बेअरिंगं बदलून घेतली होती. त्या वाया गेलेल्या पैशांची हळहळ वडिलांना कितीतरी दिवस होती.

घूं-घूं वळणावर कमी-जास्त झाली तर आधी बेअरिंग बघ, रस्ता बदलताच बदलली तर टायर. थरथर स्टिअरिंगला आली तर पुढचं चाक, सीटला आली तर मागचं, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

मिशलिनने १९४६ साली पेटंट घेतलेला रेडियल टायर आमच्याकडे फार उशिरा आला. मग मी बॅलन्सिंगचं मशीन घेतलं. छोट्या मोटारीच्या रिमच्या कडेला १० ग्रॅमचा फरक असला, तर ताशी ८० किलोमीटरला तिथे जवळपास एक किलोचा ओढा बसतो. चाक सेकंदाला बारा वेळा फिरतं, तितक्यांदा तो ओढा दिशा बदलतो. हात थरथरणारच.

गेल्या आठवड्यात एक गाडी आली. मशीनवर दोन्ही बाजूंना शून्य, तरी घूं-घूं चालूच. मी टायरवरून तळहात फिरवला. एका दिशेने गुळगुळीत, उलट फिरवला तर आजोबांच्या करवतीसारखे दात. चाक तिरकं धावत होतं. अलाइनमेंट केलं आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, "झिजलेलं रबर भरून येत नाही. आवाज थोडा राहील, पण बेअरिंग चांगलं आहे. ते बदलू नका."