अनस एडाथोडिका: मुंबई-पुण्यात घडलेला बचावपटू चाहत्यांना अजून का आठवतो?

मानोरा, दिग्रस, कारंजा, पुसद या पट्ट्यातली अनेक मुलं बारावीनंतर शिकायला पुण्याला जातात. रात्रीची ट्रॅव्हल्स, सकाळी पुणे, मग हॉस्टेल किंवा कॉट बेसिसवरची खोली. गावाकडे फुटबॉल म्हणजे मोबाइलवरचा मेस्सी आणि रोनाल्डो. पण 2011 ते 2015 या काळात पुण्यात असलेल्या आणि एखाद्या संध्याकाळी बालेवाडीच्या स्टेडियमकडे वळलेल्या मुलांना आणखी एक नाव माहीत आहे. ते नाव म्हणजे अनस एडाथोडिका.

अनस केरळचा. भारताकडून खेळला, आयएसएलमध्ये मोठ्या रकमेला विकला गेला आणि 2024 मध्ये निवृत्त झाला. पण व्यावसायिक कारकिर्दीची पहिली आठ वर्षं त्याने महाराष्ट्रात काढली, आधी मुंबईत आणि मग पुण्यात. ज्या दोन क्लबांनी त्याला घडवलं, ते दोन्ही आज अस्तित्वात नाहीत. क्लबच उरला नाही, तर आठवणी जपायच्या कोणी? आणि गोल न करणारा खेळाडू इतका लक्षात कसा राहतो? समजून घेऊया.

अनस एडाथोडिका कोण आहे?

अनसचा जन्म 15 फेब्रुवारी 1987 चा, केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोंडोट्टी इथला. मलप्पुरम म्हणजे फुटबॉलवेडा जिल्हा. तिथे सात-सात खेळाडूंच्या 'सेव्हन्स' स्पर्धांना हजारोंची गर्दी होते. घरची परिस्थिती बेताची होती. तरुणपणी अनसने काही काळ रिक्षाही चालवली.

तो सेंटर बॅक. आपल्याकडच्या मैदानांवर याच जागेला 'स्टॉपर' म्हणतात. गोलरक्षकाच्या पुढे, बचावफळीच्या मधोमध उभा राहणारा खेळाडू. समोरच्या संघाचा मुख्य आघाडीपटू अडवणं हे त्याचं पहिलं काम.

मुंबई आणि पुण्याशी त्याचं नातं काय?

2007 मध्ये मुंबई एफसी हा नवा क्लब सुरू झाला आणि वीस वर्षांचा अनस तिथे दाखल झाला. 2008 मध्ये क्लबने आय-लीगची दुसरी डिव्हिजन जिंकली आणि देशातल्या त्या वेळच्या सर्वोच्च लीगमध्ये जागा मिळवली. कूपरेज मैदान, पिवळी जर्सी आणि मोजके पण पक्के प्रेक्षक अशी या क्लबची ओळख होती. पैसा आणि नावं कोलकाता-गोव्याच्या क्लबांकडे जास्त. त्यामुळे मुंबई एफसीचा बहुतेक मोसम बचाव करण्यातच जायचा. तरुण स्टॉपरसाठी यापेक्षा चांगली शाळा नव्हती.

2011 मध्ये अनस पुणे एफसीकडे आला आणि 2015 पर्यंत तिथेच राहिला. हा क्लबही 2007 चाच, घरचं मैदान बालेवाडी. 2012-13 च्या मोसमात पुणे एफसी आय-लीगमध्ये दुसरा आला. त्या वर्षी विजेतेपद गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे गेलं. या कामगिरीमुळे पुण्याचा संघ 2014 मध्ये एएफसी कप या आशियाई क्लब स्पर्धेत खेळला.

तेव्हाची आय-लीग बचावपटूंची परीक्षा बघणारी होती. रँटी मार्टिन्स आणि ओडाफा ओकोली हे नायजेरियन आघाडीपटू मोसमामागून मोसम गोलांचा पाऊस पाडत होते. ताकद, उंची, वेग सगळं त्यांच्याकडे होतं. बहुतेक क्लब संघाचा कणा परदेशी खेळाडूंवर उभा करायचे. अशा काळात बचावफळीच्या मधोमध टिकून राहणारा भारतीय खेळाडू म्हणून अनसकडे बघितलं जायचं.

बचावपटूची आठवण वेगळी का असते?

आघाडीपटूचं काम मोजता येतं. किती गोल, किती असिस्ट, कुठल्या मिनिटाला. शिवाय प्रत्येक गोलाची क्लिप असते. बचावपटूचं उलट आहे. त्याने काम चोख केलं, तर काहीच घडत नाही. गोल होत नाही, म्हणून क्लिप नाही, म्हणून रीलही नाही. चूक झाली, तर मात्र तीच क्लिप वर्षानुवर्षं फिरते.

त्यामुळे स्टॉपरच्या चाहत्यांच्या आठवणी बारीकसारीक गोष्टींच्या असतात. अनसबद्दल बोलताना साधारण तीन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात.

- हवेतला चेंडू: कॉर्नर किंवा लांब पास आला की योग्य वेळी उडी घेऊन हेडरने चेंडू बाहेर काढणं.
- अंगावर जाऊन टॅकल: समोर कोण आहे, किती नावाजलेला आहे, हे न बघता पाय घालणं. प्रेक्षकांना हे लगेच आवडतं.
- जागा धरून राहणं: चेंडू कुठे येणार हे आधीच ओळखून तिथे उभं असणं. टीव्हीवर हे फारसं दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूच्या मागे असतो. स्टँडमध्ये बसलेल्या माणसाला मात्र पूर्ण मैदान दिसतं.

तिसरा मुद्दा महत्त्वाचा आहे. बचावपटू खऱ्या अर्थाने कळतो तो मैदानात जाऊन सामना बघणाऱ्याला. म्हणून अनसचे सर्वात जुने चाहते टीव्हीमुळे झालेले नाहीत. ते कूपरेज आणि बालेवाडीच्या पायऱ्यांवर बसलेले लोक आहेत.

भारतीय संघात इतक्या उशिरा का आला?

2015 मध्ये अनस आयएसएलच्या दिल्ली डायनामोजमध्ये गेला. तिथे ब्राझीलचा दिग्गज लेफ्ट बॅक रॉबर्टो कार्लोस प्रशिक्षक होता. लिव्हरपूलकडून खेळलेला जॉन आर्ने रीसे संघात होता. मग 2017 मध्ये तो मोहन बागानकडून खेळला. आता देशभर त्याचा खेळ टीव्हीवर दिसू लागला.

22 मार्च 2017 रोजी कंबोडियाविरुद्ध त्याने भारताकडून पदार्पण केलं. भारताने तो सामना 3-2 असा जिंकला. तेव्हा अनसने तिशी ओलांडली होती. या वयात अनेक खेळाडूंची कारकीर्द उताराला लागलेली असते. त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द सुरूच तेव्हा झाली.

त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत आयएसएलचा ड्राफ्ट झाला. जमशेदपूर एफसीने पहिलीच निवड अनसची केली. रक्कम होती 1 कोटी 10 लाख. युजिनसन लिंगडोसह तो त्या ड्राफ्टमधला सर्वात महागडा भारतीय खेळाडू ठरला. एका स्टॉपरला इतकी मागणी येणं आपल्या फुटबॉलमध्ये नवीन होतं.

मुंबईतली ती रात्र

जून 2018. अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात इंटरकॉन्टिनेंटल कप सुरू होता. पहिल्या सामन्याला स्टँड जवळपास रिकामे होते. मग कर्णधार सुनील छेत्रीने व्हिडिओ टाकून लोकांना मैदानात येण्याची विनंती केली. तो व्हिडिओ तुम्हीही तेव्हा शेअर केला असेल. त्यानंतर स्टेडियम भरलं.

10 जूनला अंतिम सामन्यात भारताने केनियाला 2-0 असं हरवलं. दोन्ही गोल छेत्रीचे. यातल्या दुसऱ्या गोलाची सुरुवात बघा. मागून आलेला लांब, उंच पास छेत्रीने छातीवर घेतला आणि डाव्या पायाने गोल केला. तो पास अनसचा होता. ज्या शहरात त्याने अकरा वर्षांपूर्वी सुरुवात केली, त्याच शहरात भरलेल्या स्टेडियमसमोर हा क्षण आला. हायलाइट्समध्ये गोल छेत्रीचा म्हणून दिसतो, आणि ते बरोबरच आहे. पण जुने चाहते क्लिप दोन सेकंद मागे नेतात.

शारजातली चार मिनिटं

सगळ्या आठवणी गोड नसतात. 14 जानेवारी 2019, आशियाई चषक, शारजा. बहारीनविरुद्ध बरोबरी झाली असती तरी भारत पहिल्यांदा बाद फेरीत गेला असता. चौथ्याच मिनिटाला अनस जखमी झाला आणि त्याला बाहेर जावं लागलं. त्याच्या जागी सलाम रंजन सिंग आला. भारताने नव्वद मिनिटं बरोबरी टिकवली. नंतर भरपाई वेळेत पेनल्टी मिळाली, जमाल राशेदने ती मारली आणि भारत 0-1 ने हरला.

दुसऱ्याच दिवशी अनसने आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती जाहीर केली. इतकी वर्षं वाट बघून मिळालेली जर्सी दोन वर्षांच्या आतच उतरवली गेली. अनस मैदानात असता, तर निकाल बदलला असता का? याचं उत्तर कोणीच देऊ शकत नाही. पण हा प्रश्न चाहते आजही विचारतात.

गोष्ट तिथे संपली नाही. नवे प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांनी त्याला परत बोलावलं. 15 ऑक्टोबर 2019 रोजी कोलकात्यात बांगलादेशविरुद्ध 1-1 अशी बरोबरी झाली. त्या दिवशी भारताची बचावफळी अशी होती: मुंबईचा राहुल भेके, गोव्याचा आदिल खान, अनस आणि गोव्याचाच मंदार राव देसाई. बरोबरीचा गोल आदिलने केला, तोही अगदी शेवटी. चौघांचीही मुळं किंवा घडण मुंबई, पुणे आणि गोव्याच्या मैदानांवरची.

मग ते क्लब गेले कुठे?

अनसच्या आठवणींमागची खरी हळहळ इथे आहे. महाराष्ट्रातल्या मोठ्या क्लबांची ही यादी बघा:

- महिंद्रा युनायटेड, मुंबई: 2005-06 चा राष्ट्रीय लीग विजेता. 2010 मध्ये संघ बंद.
- भारत एफसी, पुणे: 2014-15 हा एकच मोसम.
- पुणे एफसी: 2007 ते 2015.
- मुंबई एफसी: 2007 ते 2017.
- डीएसके शिवाजियन्स, पुणे: आय-लीगचे दोन मोसम, शेवटचा 2016-17 चा.
- एफसी पुणे सिटी: 2014 ते 2019. आयएसएलमधली त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली.

दहा वर्षांत सहा क्लब. मोठं कारण म्हणजे 2014 मध्ये आलेली आयएसएल. प्रायोजक, टीव्ही आणि प्रेक्षक तिकडे वळले. आय-लीगच्या क्लबांना खेळ जिंकून वर जाण्याचा रस्ताही तेव्हा नव्हता, कारण आयएसएलमध्ये प्रवेश फ्रँचायझी विकत घेऊनच मिळत होता. खर्च तोच, भविष्य मात्र धूसर. मालकांनी एकेक करून हात काढून घेतले. मुंबई सिटी एफसी आयएसएलमुळे उभा राहिला, पण पुण्यातला आयएसएल क्लबही टिकला नाही.

यात एक धागा मात्र उरला. पुणे एफसीची अकादमी पुढे एफसी पुणे सिटीकडे गेली. याच अकादमीत मलप्पुरमचाच आणखी एक मुलगा घडला, आशिक कुरुनियन. 2019 च्या आशियाई चषकात अनस आणि आशिक एकाच भारतीय संघात होते. क्लब बंद पडला, तरी त्याने घडवलेले खेळाडू खेळत राहिले.

माजी बचावपटू पुढे काय करतात?

काही जण प्रशिक्षक होतात. गोव्याचा महेश गवळी हे जवळचं उदाहरण. ईस्ट बंगाल आणि डेम्पोचा हा स्टॉपर पुढे भारतीय संघाचा सहायक प्रशिक्षक झाला. 2023 च्या सॅफ स्पर्धेत स्टिमाच निलंबित असताना उपांत्य आणि अंतिम सामन्यात बाकावरची जबाबदारी गवळीने सांभाळली. लेबनॉन आणि कुवेत, दोघांनाही भारताने पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं. गवळीचे जुने चाहते तेव्हा दुप्पट खूश होते.

अनसचा शेवट घरच्या मैदानावर झाला. एटीके आणि पुन्हा जमशेदपूर असा प्रवास करून 2024 मध्ये सुपर लीग केरळच्या पहिल्याच मोसमात तो मलप्पुरम एफसीचा कर्णधार झाला आणि त्याच वर्षी निवृत्त झाला. कोंडोट्टीच्या लोकांना त्याला निरोप देता आला. मुंबई आणि पुण्याच्या चाहत्यांना तशी जागाच उरली नव्हती.

चाहते काय करू शकतात?

बंद पडलेल्या क्लबांच्या वेबसाइट, पेज आणि फोटो हळूहळू गायब होतात. म्हणून तुमच्याकडे काही असेल तर ते जपा.

- जुनी तिकिटं, सामन्याची पत्रकं, जर्सी यांचे फोटो काढा आणि तारीख लिहून ठेवा.
- जुन्या फोनमधले स्टँडमधून काढलेले व्हिडिओ डिलीट करू नका. सामना कुठला, कधीचा, समोर कोण होतं, एवढं तरी नोंदवा.
- मराठी विकिपीडियावर या क्लबांची आणि खेळाडूंची माहिती वाढवता येते. मात्र आठवणीच्या भरवशावर लिहू नका, छापील बातमीचा आधार घ्या.

थोडक्यात

अनस एडाथोडिका महाराष्ट्राचा नव्हता, पण इथे आठ वर्षं खेळून भारताच्या बचावफळीत पोहोचला. त्याच्या तेव्हाच्या कामाचे फारसे व्हिडिओ नाहीत आणि ते काम सांगायला ते क्लबही उरले नाहीत. ते लक्षात आहे फक्त तेव्हा पायऱ्यांवर बसलेल्यांच्या. तुमच्या ओळखीत 2013 च्या सुमारास पुण्यात शिकलेला एखादा दादा असेल, तर त्याला बालेवाडीबद्दल विचारून बघा. आणि तो जे सांगेल, ते लिहून ठेवा.