सीसीटीव्हीने हालचाल ओळखली, पण त्या कल्पनेचा मालक कोण? ऑब्जेक्टव्हिडिओ पेटंट वाद काय होता?

रात्री दारासमोर कोणी आलं की कॅमेरा लगेच मोबाइलवर अलर्ट पाठवतो. यामागच्या तंत्रज्ञानावरून २०११ मध्ये अमेरिकेतली एक छोटी कंपनी थेट बॉश, सॅमसंग आणि सोनी यांच्याविरोधात उभी राहिली.

वाद कशावरून झाला?

हालचाल ओळखण्याची साधी पद्धत म्हणजे लागोपाठच्या फ्रेमची तुलना. फरक दिसला की अलर्ट. पण मग फांदी हलली किंवा सावली सरकली तरी अलर्ट येतो.

व्हर्जिनियातल्या ऑब्जेक्टव्हिडिओची पद्धत वेगळी होती. तिचं सॉफ्टवेअर आधी माहिती काढतं: माणूस आहे की गाडी, कुठल्या दिशेने आणि किती वेगाने जातेय. मग तुम्ही ठरवलेला नियम लावतं. उदाहरणार्थ, माणसाने ही रेषा ओलांडली तरच अलर्ट दे. अशा पद्धतींची पेटंट कंपनीकडे होती. या तिन्ही कंपन्या आपलंच तंत्र वापरतात, असा तिचा आरोप होता.

आयात थांबण्याची भीती

कंपनी कोर्टात गेलीच, शिवाय अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडेही गेली. हा आयोग नुकसानभरपाई देत नाही, पण पेटंटचा भंग करणाऱ्या मालाची आयात रोखू शकतो. बाहेरून माल आणणाऱ्यांसाठी हा धोका मोठा असतो. अखेर एकेक करत तिघांनीही तडजोड केली आणि परवाने घेतले.

मग जिंकलं कोण?

तडजोड झाल्याने आरोप खरा होता का, यावर आयोगाचा अंतिम निकाल आलाच नाही. पेटंटचं मोल मात्र वाढलं. डिसेंबर २०१४ मध्ये कॅनडाच्या अ‍ॅविजिलॉनने ती सुमारे ८ कोटी डॉलरना विकत घेण्याचा करार केला. २०१८ मध्ये मोटोरोला सोल्युशन्सने अ‍ॅविजिलॉनच सुमारे १०० कोटी डॉलरना घेतली.

आपला काय संबंध?

पेटंट त्या-त्या देशापुरतं असतं. अमेरिकेतलं पेटंट भारतात आपोआप लागू होत नाही आणि साधारण अर्जापासून २० वर्षांनी ते संपतं. पण कॅमेरे जगभर विकले जातात. पेटंटमुळे छोट्या संशोधकाला बड्या कंपन्यांसमोर उभं राहता येतं, हे खरं. परवान्याचा खर्च शेवटी ग्राहकाच्या बिलात येऊ शकतो, हेही तितकंच खरं.