चूक पुसण्याआधी वाचावी

आमच्या आजोबांचा तोंडी हिशेब पक्का होता. बाजारात दुकानदाराच्या आधी त्यांची बेरीज तयार असायची. तरी निजामाच्या राजवटीत शाळेत असताना एका वर्षी ते गणितातच नापास झाले. पर्चा उर्दूत होता, घरीदारी मराठी. “हिशेब चुकला नाही रे, सवालच कळला नाही,” असं ते शेवटपर्यंत सांगायचे. मी छत्रपती संभाजीनगरात बी.एड. करतोय. मूल्यमापनाचा तास सुरू झाला की मला त्यांचं हे वाक्य आठवतं.

मराठी मुलखातल्या जुन्या पंतोजींच्या शाळेत वर्षअखेरचा निकाल नव्हता. मुलं धूळपाटीवर अक्षर गिरवत, पावकी-निमकी घोकत. छडीचा धाक होता, पाठांतराचा अतिरेकही होता. त्या शाळेचे गोडवे मी गाणार नाही. पण चूक तिथल्या तिथे दिसायची, धूळ सारखी केली की तेच अक्षर पुन्हा काढता यायचं.

पुढे सरकारी शाळा आल्या आणि परीक्षा म्हणजे वरच्या वर्गाचा, नोकरीचा दरवाजा झाला. हैदराबाद संस्थानात त्या दरवाजाला भाषेचं कुलूपही होतं. माध्यमिक शिक्षण मुख्यतः उर्दूतून चाले आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच होतं. एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मान्यच करायला हवं. पण मराठी घरातल्या मुलाचं ज्ञान आधी उर्दूच्या चाळणीतून जायचं. अशा काळात या शहरात 1915 पासून सरस्वती भुवनसारखी संस्था उभी राहिली, याचं मोल म्हणूनच मोठं आहे.

17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला. 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे महाविद्यालय सुरू केलं, तेच आजचं मिलिंद. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेची पायरीही चढू दिली नव्हती, त्यांची मुलं तिथे परीक्षेला बसू लागली. 23 ऑगस्ट 1958 ला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं आणि पदवीची परीक्षा घराजवळ आली. मात्र दहावी-बारावीच्या टक्केवारीचं ओझं वाढतच गेलं.

शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्याच वर्षी राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक, संकलित, वर्णनात्मक नोंदी हे शब्द शिक्षकांच्या तोंडी बसले. कल्पना चांगली, पण पुष्कळ ठिकाणी ती नोंदवहीतच राहिली. सगळ्या मुलांपुढे ‘प्रगती समाधानकारक’ असं एकसारखं लिहिलं, तर कोणत्या मुलाला काय येत नाही ते कसं कळणार?

छात्रसेवाकाळात एका पाचवीच्या वर्गात मी 403 वजा 178 हे उदाहरण घातलं. एका मुलाने उत्तर काढलं 375. मी लाल फुली मारणार होतो, पण आधी विचारलं, “कसं केलंस ते सांग बरं.” तो म्हणाला, “सर, तीनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून तीन काढले.” प्रत्येक घरात त्याने मोठ्यातून लहान अंक वजा केला होता. वजाबाकी त्याला येत होती, दशक सुटा करणं येत नव्हतं. मग आम्ही काड्यांचे गठ्ठे घेतले. दशकाच्या घरात शून्य, म्हणून आधी शंभराचा गठ्ठा सोडून दहा-दहाचे दहा गठ्ठे केले आणि त्यातला एक सोडून सुट्या काड्या केल्या. तिसऱ्या खेपेला त्याने स्वतःच 225 लिहिलं.

नुसती फुली मारली असती, तर त्याला फक्त शून्य मिळालं असतं. माझ्या आजोबांना तेच मिळालं होतं. त्यांना नेमकं काय अडलं, हे त्या वर्षी कुणी विचारलं नाही. उद्या वर्गावर उभ्या राहणाऱ्या माझ्या सोबत्यांना एवढंच सांगणं आहे: गुण द्या, नोंदीही करा, पण त्याआधी मुलाला “कसं केलंस?” हे विचारा.