परळचे इन्हिबिन

पनवेल तालुक्यात खारघरला टाटा स्मारकचे कर्करोग संशोधन केंद्र आहे. त्याचे मूळ परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये. त्याच सेंटरमध्ये १९५४ साली संततिनियमनाची साधने तपासणारा एक छोटा विभाग निघाला आणि १९७० मध्ये त्यातून प्रजनन संशोधनाची स्वतंत्र संस्था उभी राहिली. नावे पुढेही बदलली. संस्था मात्र परळ सोडून हलली नाही.

संततिनियमनाचा भार बाईवरच का, हा प्रश्न तिथे होताच. पुरुषासाठी काही सापडेल, ही आशा इन्हिबिनवर होती. वृषणातून येणारे आणि शुक्राणुनिर्मितीला चालना देणारे पीयूषिकेचे एफएसएच दाबणारे संप्रेरक म्हणून हे नाव १९३२ पासून चालत होते. पदार्थ हाती लागत नव्हता. डॉ. अनिल शेठ यांच्या गटाने तो वीर्यद्रवात शोधायला घेतला. १९८४ मध्ये मॉन्ट्रियलच्या मिशेल क्रेत्याँ यांच्याबरोबर ९४ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडची पूर्ण रचना छापून आली. नाव दिले ‘बीटा-इन्हिबिन’.

पेप्टाइड संप्रेरके लांब साखळीतून कापून निघतात, असे १९६७ मध्ये मांडणाऱ्यांत क्रेत्याँ होते. ८६ अमिनो आम्लांच्या प्रोइन्शुलिनचा मधला भाग निघून ५१ चे इन्शुलिन उरते. खरे इन्हिबिनही असेच मोठ्या पूर्वसाखळ्यांतून घडते. १९८५ मध्ये ते जनावरांच्या बीजकोशातील द्रवातून शुद्ध झाले : दोन साखळ्यांचे, वजन सुमारे ३२ हजार डाल्टन. परळचे पेप्टाइड एकाच साखळीचे आणि प्रोस्टेट ग्रंथीत बनणारे निघाले. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने निबंधाच्या शीर्षकातच सांगून टाकले की हे इन्हिबिन नव्हे.

रचना बरोबर होती, चुकले ते नाव. एफएसएच किती दबले हे जनावरांवर मोजायचे, आणि त्या मापात चढउतार फार. जे सापडावे असे वाटते त्याच बाजूला अशा वेळी तराजू झुकतो, म्हणून मोजणाऱ्याला कुठली बाटली कशाची हे कळू न देणे बरे. हा पूर्वग्रह परळपुरता नव्हता. वीर्यातले ‘इन्हिबिन’ परदेशी प्रयोगशाळांतही निघत होते. कोण चुकले यापेक्षा पुढे काय केले, हे मला या वाटचालीत जास्त मोलाचे वाटते.

संस्थेने ते पेप्टाइड टाकून दिले नाही. पीएसपी-९४ या नव्या नावाने काम चालू राहिले. २००८ मध्ये त्याच्या जनुकाशेजारचा एक बदल प्रोस्टेट कर्करोगाच्या जोखमीशी जोडलेला आढळला. पुढे संचालक झालेल्या डॉ. स्मिता महाले यांच्या गटाने २०१० मध्ये ते कर्करोगाच्या पेशींनाच बनवायला लावून पाहिले. वाढ थांबते का, याचे छापलेले उत्तर बेताचे होते : थांबते, पण सगळ्या पेशींत नाही.